‘तुमची निवड झालीय, पंचाहत्तर हजार भरा’

प्रश्न : वाळवा तालुक्यातल्या एका गावात आमचा कांदा-लसूण मसाला, मिरचीपूड आणि हळदपूड तयार करायचा व्यवसाय आहे. घरातल्या एका कांडप मशीनवर सुरुवात केली आणि २०२१ मध्ये शेड घेतलं. २०२१-२२ ला विक्री ३८ लाख होती, मग ७८ लाख, मग १ कोटी ४५ लाख आणि २०२४-२५ ला १ कोटी ९० लाख. चौदा बायका कामाला आहेत. परवा एका संस्थेचा फोन आला. ‘पश्चिम महाराष्ट्रातला सर्वांत वेगाने वाढणारा लघुउद्योग’ म्हणून आमची निवड झाली म्हणे. पुण्यात मोठ्या हॉटेलात कार्यक्रम, अभिनेत्रीच्या हस्ते ट्रॉफी, मासिकात दोन पानं. त्यासाठी ७५ हजार अधिक जीएसटी भरायचा आणि लवकर कळवायचं. आमचे आण्णा (सासरे) म्हणतात, घेऊन टाका, पुढच्या वर्षी एवढी वाढ दिसणार नाही, चार लोकांत नाव होईल. ह्यांचं म्हणणं, असले पुरस्कार विकतचे असतात. माझी काळजी वेगळीच आहे. विक्री वाढली तरी हातात पैसा राहत नाही. बाजारात ३४ लाख अडकलेत, त्यातले १९ लाख एकट्या पुण्याच्या वितरकाकडे. १५ लाखांची सीसी (खेळत्या भांडवलासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) कायम पूर्ण वापरलेली असते. मशीनच्या कर्जाचा मागचा हप्ता बारा दिवस उशिरा गेला. नफा आठ टक्के सुटतो. अशा वेळी आम्ही कुठल्याही पुरस्काराच्या वाटेला जावं का?
— एक उद्योजिका, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, ७५ हजार भरू नका. फोनवाल्यांना तुमचं उत्तर लवकर हवंय, म्हणून हे आधी सांगून टाकते. पण पुरस्काराच्या वाटेला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. तुमच्या जिल्ह्यात एक पुरस्कार आहे आणि त्याच्यासाठी तुम्ही अर्ज करावा असं मला मनापासून वाटतं. तो अर्ज भरायला बसाल तेव्हा तुमच्या काळजीचाही बराचसा उलगडा होईल.

आधी त्या फोनबद्दल. तुम्ही अर्ज केला नव्हता. त्यांनी तुमचा ताळेबंद मागितला नाही, जीएसटीची विवरणपत्रं पाहिली नाहीत, शेडवर कोणी फिरकलं नाही. मग तुमची वाढ सगळ्यांत जास्त आहे हे त्यांना कळलं कुठून? वाढ मोजायची म्हणजे निदान दोन वर्षांची विक्री समोर हवी आणि ती दुसऱ्यांच्या विक्रीशी ताडून पाहायला हवी. ते झालेलंच नाही. त्यांना एवढंच विचारा : परीक्षक कोण आहेत, किती अर्ज आले, कुठल्या दोन वर्षांचे आकडे धरले, आणि मी पैसे भरले नाहीत तरी पुरस्कार मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर ‘मॅडम, ते सहभाग शुल्क आहे’ असं उत्तर आलं की फोन ठेवायला हरकत नाही.

शुल्क घेणारा प्रत्येक पुरस्कार खोटा असतो असं मात्र मुळीच नाही, हे तुमच्या ह्यांनाही सांगा. अमेरिकेतल्या ‘इंक’ मासिकाने १९८२ साली वेगाने वाढणाऱ्या पाचशे खासगी कंपन्यांची यादी सुरू केली, २००७ पासून ती पाच हजारांची झाली. तिथेही अर्जाला पैसे पडतात. पण ते अर्ज करतानाच, सगळ्यांकडून घेतात. तीन वर्षांतली विक्रीची वाढ हा एकच निकष असतो आणि आकड्यांची कागदोपत्री खातरजमा होते. शिवाय सुरुवातीच्या वर्षी किमान १ लाख डॉलर विक्री असावी अशी अट आहे. ती अट का ठेवली असेल हे तुमच्याच आकड्यांवरून समजतं. तुमची विक्री ३८ लाखांवरून १ कोटी ९० लाखांवर गेली, म्हणजे तीन वर्षांत पाचपट. टक्क्यांत ४००, आणि वर्षाला सरासरी ७१ टक्के. शेजारच्या एखाद्या कारखान्याने ४ कोटींचे ६ कोटी केले तर त्याची वाढ ५० टक्केच दिसेल, पण रुपयांत त्याने तुमच्यापेक्षा जास्त भर घातलेली असेल. आणि कोणी ४ लाखांचे ४० लाख केले तर तो ९०० टक्क्यांनी तुमच्याही पुढे. सुरुवातीचा आकडा लहान असला की टक्के फुगतात. म्हणून जिथे मनापासून वाढ मोजतात तिथे खालची मर्यादा ठेवतात.

आण्णांचं निरीक्षण मात्र अचूक आहे, पुढच्या वर्षी एवढी वाढ दिसणार नाही. वर्षावार पाहा : पहिल्या वर्षी १०५ टक्के, दुसऱ्या वर्षी ८६, तिसऱ्या वर्षी ३१. पण हे काही वाईट लक्षण नव्हे. जवळपास दीड कोटींवर ३१ टक्के वाढ म्हणजे चांगलीच वाढ आहे, ती कोणाला घाईने दाखवून मोकळं व्हायची गरज नाही.

आता ७५ हजारांचा हिशेब तुमच्या मसाल्यात मांडू. जीएसटीची वजावट तुम्हाला मिळेल असं धरून तो सोडून देते. तुमचा कांदा-लसूण मसाला वितरकाला साधारण ४०० रुपये किलोने जातो असं समजू. आठ टक्क्यांनी किलोमागे ३२ रुपये उरतात. ७५ हजार कमवायला २,३४४ किलो मसाला करून, भरून, पोचवून, त्याचे पैसे वसूल व्हायला हवेत. तेवढ्या मसाल्याची मिरची निवडायची, देठ काढायचे, खोबरं भाजायचं, कांडप करायचं आणि पाव-पाव किलोची नऊ हजारांहून जास्त पाकिटं भरायची. ह्या सगळ्याला चौदा बायकांचे किती दिवस लागतात ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तो आकडा काढा आणि आण्णांना सांगा. त्यांनी हा व्यवसाय घरातल्या एका मशीनपासून पाहिलाय, त्यांना तो लगेच कळेल.

आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फोनवर कोणी सांगणार नाही. ट्रॉफी मिळाली की पाकिटावर छापायचा मोह होतो : ‘पश्चिम महाराष्ट्रातला सर्वांत वेगाने वाढणारा मसाला’. पाकिटावरचा दावा सिद्ध करायची जबाबदारी उत्पादकाची असते. पुरस्कार आणि क्रमवारीचा जाहिरातीत वापर कसा करावा यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पुरस्कार देणारी संस्था स्वतंत्र आणि विश्वासार्ह असावी, निवडीची पद्धत काटेकोर असावी, अशी त्यांची अपेक्षा असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. विकतच्या ट्रॉफीच्या जोरावर छापलेली ओळ एखाद्या स्पर्धकाने तक्रारीत ओढली तर ती संस्था तुमच्या बाजूने उभी राहील का?

मग अर्ज कुठे करावा? तुमच्या जिल्हा उद्योग केंद्रात. राज्याच्या उद्योग संचालनालयाची लघुउद्योजकांसाठी जिल्हा पुरस्कार योजना आहे. दरवर्षी वर्तमानपत्रात आवाहन येतं, पण ते आतल्या पानावर चार ओळींत असतं, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. केंद्राच्या कार्यालयात जाऊन ‘यंदाचे अर्ज कधी निघणार’ असं आधीच विचारून ठेवा. रक्कम फार नाही. पहिल्या क्रमांकाला १५ हजार आणि दुसऱ्याला १० हजार असं स्वरूप राहिलं आहे, सोबत मानचिन्ह, शाल, श्रीफळ. तरी मी त्याच्या बाजूने आहे, कारण तिथे पाहणी होते. उद्योजक कुठून आला, तंत्रात काय सुधारणा केली, उत्पादन, भांडवल, कामगार किती, उद्योग ग्रामीण भागात आहे का, चालवणारी महिला आहे का, पहिल्या पिढीतली आहे का, हे सगळं बघतात. यातल्या बऱ्याच रकान्यांत तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे. नुसत्या विक्रीच्या टक्क्यांवर तिथे निकाल लागत नाही.

आणि त्याच्या अटी वाचा. उद्योगाची नोंदणी तीन वर्षांपूर्वीची असावी, मागची दोन वर्षं सलग उत्पादन चालू असावं, आणि उद्योग कोणत्याही वित्तीय संस्थेचा थकबाकीदार नसावा. नोंदणी तेव्हाच केलेली असेल तर पहिल्या दोन अटी तुम्ही पार करता. तिसरीपाशी मी थांबले, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मला तिथेच दिसली. बारा दिवस उशीर झालेला एक हप्ता म्हणजे थकबाकी नव्हे, तो भरलाही आहे. पण तो उशीर का झाला ते नीट पाहिलं नाही तर पुढचा हप्ता चाळीस दिवस मागे पडेल, आणि वेगाने वाढणारे कितीतरी चांगले उद्योग ह्याच अटीवर बाद होतात.

हे कसं घडतं ते तुमच्या धंद्यात अगदी उघड दिसतं. मिरचीचा हंगाम वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत असतो. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारात किंवा व्यापाऱ्याकडे माल रोखीने घ्यायचा, वर्षाचा साठा शीतगृहात ठेवायचा, त्याचं भाडं भरायचं. बायकांची मजुरी आठवड्याला. वीजबिल महिन्याला. मसाला विकला जातो पुढे वर्षभर, आणि त्याचे पैसे वितरकाकडून येतात दोन-तीन महिन्यांनी. ७८ लाखांच्या विक्रीला जेवढा पैसा ह्या फेऱ्यात गुंतायचा, त्याच्या अडीचपट आता गुंततो. नफा वाढलाय हे खरं आहे. १ कोटी ९० लाखांचे आठ टक्के म्हणजे सव्वापंधरा लाख होतात. पण ते रुपये मिरचीच्या पोत्यांत आणि वितरकाच्या वहीत आहेत, खात्यात नाहीत. तुमचं काही चुकतंय असं समजू नका. वाढीला पैसा लागतो आणि तो विक्रीच्या आधी लागतो.

यावर दोन ठिकाणी काम करायचं आहे, बँकेत आणि पुण्यात.

बँकेचं सोपं आहे. १५ लाखांची सीसी बहुधा तुमची विक्री ७८ लाख होती तेव्हाची. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीचा जो हिशेब बँका वापरत आल्या आहेत, त्यात अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरतात. त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के आपण घालायचे. ७८ लाखांचे २० टक्के म्हणजे साडेपंधरा लाख, तिथेच तुमची मर्यादा अडकून पडली आहे. आजच्या १ कोटी ९० लाखांवर तीच रक्कम ३८ लाख होते. वाढीव मर्यादेसाठी अर्ज करा. तारणाचा प्रश्न निघाला तर सीजीटीएमएसई ह्या लघुउद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या निधीबद्दल शाखाधिकाऱ्यांना विचारा, १ एप्रिल २०२५ पासून त्याची हमी १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते. सोबत तीन वर्षांचे ताळेबंद, वर्षभराची जीएसटी विवरणपत्रं, येणी-देण्यांची यादी आणि पुढच्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज न्या. अंदाज फुगवू नका. २ कोटी ४० लाख खरे वाटत असतील तर तेवढेच लिहा. मर्यादा वाढली म्हणून वसुली सैल सोडलीत तर मात्र सहा महिन्यांनी तीही भरलेली दिसेल.

पुण्याचं काम अवघड आहे, कारण तिथे नातं आहे. ३४ लाख म्हणजे तुमच्या दोन महिन्यांहून जास्त विक्रीचे पैसे, आणि त्यातले निम्म्याहून अधिक एका माणसाकडे. आधी तुमची बाजू समजून घ्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास) कायद्यातच हे आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो, म्हणजे तुम्ही अजून सूक्ष्मच आहात. ह्यात कमीपणा वाटून घेऊ नका, हेच तुमचं संरक्षण आहे. उद्यम नोंदणी केलेली नसेल तर आजच करा, सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं बघून घाबरू नका आणि तिथे भरूही नका. नोंदणी झाली की उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

ह्याच्या जोडीला आयकराची तरतूद आहे. सगळे सीए तिला ४३-बी-एच म्हणून ओळखतात. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चलाही ते बाकीच राहिले, तर त्या खरेदीची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. वितरकाच्या सीएला हे माहीत असतं, फक्त तुमचा उद्योग सूक्ष्म आहे हे त्याच्या नोंदीत नसतं. म्हणून पहिलं पाऊल भांडणाचं नको. उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि बाकी बिलांची तारीखवार यादी जोडून तुमच्या सीएंमार्फत साधं पत्र पाठवा : ‘मार्चअखेरीचा हिशेब करताना ह्याची नोंद घ्यावी.’ एवढ्या पत्राने बऱ्याचदा निम्मी रक्कम हलते. त्यानंतर तुम्ही आणि तुमचे हे, दोघं मिळून पुण्याला जा, समोर बसा आणि १९ लाखांचे हप्ते लिहून घ्या. नवा माल आधीच्या हप्त्यानंतरच. तोही माणूस बहुधा वाईट नसतो, त्याचेही पैसे पुढे मॉलमध्ये अडकलेले असतात. पण त्याचा भार तुमच्या चौदा बायकांच्या मजुरीवर पडता कामा नये. काहीच हललं नाही तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करायचा मार्ग आहे. तो शेवटी वापरा, कारण त्यानंतर तो वितरक तुमचा राहत नाही. म्हणूनच त्याआधी कराड, कोल्हापूर, सोलापूर अशा तुमच्या पोचेतल्या बाजारांत दोन-तीन लहान वितरक उभे करायला आत्तापासून लागा.

मग अर्ज भरायला बसाल तेव्हा कागद आपोआप हाताशी असतील. फक्त एक खबरदारी घ्या. विक्रीचा आकडा नफा-तोटा पत्रकात, आयकर विवरणपत्रात आणि जीएसटीत एकच असला पाहिजे. पुष्कळजण जीएसटी धरून विक्री सांगतात आणि मग तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून जी विक्री उरते तीच लिहा. त्यात ३८ लाखांचे ३६ झाले तर ३६ लिहा.

उद्योग केंद्राचे अधिकारी पाहणीला येतील तेव्हा शेड रंगवून ठेवायची गरज नाही. पाकिटावरचा बॅच क्रमांक उचलून तो साठा-नोंदवहीत सापडतो का, हे कोणीही जाणकार माणूस पाहतो. ती नोंद पक्की असू द्या. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना सध्याच्या उलाढालीला लागू पडतो का ते तपासा, कारण सुरुवातीला केलेली साधी नोंदणी उलाढाल वाढल्यावर पुरत नाही आणि हे घाईत राहून जातं. कामगारांची हजेरी आणि मजुरी बँकेतून जात असेल तर तोही पुरावा आहे. त्या अर्जात चौदा बायकांबद्दल सविस्तर लिहा. किती जणी त्याच गावातल्या, किती जणी पहिल्यांदा पगारावर आल्या, कोण कांडपावर बसते आणि कोण आता पॅकिंगची देखरेख करते. विक्रीच्या टक्क्यांपेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं. आणि पुरस्कार मिळो वा न मिळो, ही माहिती एकदा कागदावर आली की पुढच्या प्रत्येक कर्जाच्या आणि अनुदानाच्या अर्जात कामी येते.

पुढे दोन-तीन वर्षांनी पुण्याच्या मराठा चेंबरच्या पुरस्कारांकडेही बघा. १९३४ सालची ही व्यापार-उद्योगांची संस्था आहे. नव्या कल्पनांसाठी पारखे पुरस्कार आणि महिला उद्योजकांसाठी रमाबाई जोशी पुरस्कार तिथे दिले जातात, आणि उद्योगजगतात त्यांना मान आहे. तोवर मसाला टिकवायची किंवा कांडपाची एखादी स्वतःची युक्ती तुमच्याकडे तयार झाली असेल तर ती लिहून ठेवायला लागा.

आण्णांशी बोलताना ‘हे फसवे आहेत’ असं सुरुवातीलाच म्हणू नका. सुनेचं नाव व्हावं असं त्यांना वाटतंय आणि तसं वाटणारे सासरे सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. त्यांना जिल्हा पुरस्काराच्या अर्जाचं काम द्या. उद्योग केंद्रात चौकशीला त्यांनी जावं, जुनी बिलं, पहिल्या मशीनची पावती, शेडचे कागद त्यांनी शोधावेत. सुरुवातीचा सगळा इतिहास त्यांच्याच तोंडी असणार. तो पुरस्कार बहुतेक ठिकाणी पालकमंत्र्यांच्या हस्ते, जिल्ह्यातल्या लोकांसमोर देतात. त्यांना हवा असलेला मान तिथे आहे, आणि तुमचे दुकानदारही ह्याच जिल्ह्यात आहेत.

पुण्याहून काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा. वितरक ‘आमचा तोंडी ९० दिवसांचा करार आहे’ असं म्हणाला तर घाबरू नका. तोंडी तर नाहीच, लेखी करारानेही ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. त्याने असं काही लिहून दिलं तर तो कागद सीएंना दाखवा आणि पुढच्या पत्रासोबत मलाही पाठवा.